गाइडनी "कळवतो" म्हटलं, त्याला पाच आठवडे झाले. पुढे काय करावं?

मृद्गंध | २० नोव्हेंबर, रात्री ११:४०

बरेच दिवस इथे नुसती वाचत होते. आज धागा काढतेय, कारण घरच्यांना तेच तेच सांगून झालंय आणि त्यांच्याकडे "येईल गं उत्तर" याशिवाय सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

एमएस्सी झाली आहे, सध्या एका प्रकल्पात सहायक आहे. पीएचडीसाठी सप्टेंबरमध्ये एका प्राध्यापकांना मेल केली होती. विषय मातीतले सूक्ष्मजीव. कोरडी पडलेली माती पुन्हा भिजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइडचा एकदम लोंढा येतो, त्यावर त्यांची लॅब काम करते. चौथ्या दिवशी उत्तर आलं. सीव्ही मागितला, दोन पानांचा आराखडा मागितला. १४ ऑक्टोबरला व्हिडिओ कॉल झाला. अर्ध्या तासाचा ठरला होता, चांगला पन्नास मिनिटं चालला. त्यांनी माझ्या आराखड्यातली एक चूकही दाखवली (नमुने सुकवायचं तापमान मी जास्त धरलं होतं) आणि शेवटी म्हणाले, "तुझं काम आमच्याशी जुळतं. ग्रँटचं बघतो आणि कळवतो."

त्यानंतर काहीच नाही. २६ ऑक्टोबरला आभाराची आणि आठवणीची अशी एकच मेल पाठवली, तिलाही उत्तर नाही. मधल्या काळात त्यांचा नवा पेपर आला, म्हणजे तब्येत वगैरे ठीक असणार.

सकाळी डोळे उघडले की आधी मेल बघते, मग स्पॅम बघते. "जुळतं" म्हणाले होते की "जुळू शकतं", यावर मी अख्खा रविवार घालवलाय.

दुसऱ्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापिकेनं "अर्ज जरूर करा" असं लिहिलंय. तिथली मुदत १५ डिसेंबर. तो अर्ज मी अजून उघडलाही नाही. पहिल्या सरांनी इतका वेळ दिला आणि मी मागच्या मागे दुसरीकडे अर्ज करायचा, हे मनाला पटत नाही. पुन्हा मेल करू का? केली तर मागे लागल्यासारखं दिसेल का? ही शांतता म्हणजे नकारच आहे का?

रात्रपाळी | २१ नोव्हेंबर, पहाटे ५:१०

पाच आठवड्यांत एकच आठवण म्हणजे मागे लागणं नव्हे. दुसरी खुशाल पाठवा. आणि स्पॅम रोज बघू नका, आठवड्यातून एकदा पुरे.

जुनी वही | २१ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

मृद्गंध, आधी एक सांगा: तुम्ही जिथे अर्ज करताय तिथे प्रवेश कोण देतं? गाइड, समिती की विभाग? या शांततेचा अर्थ त्यावर ठरतो, आणि बरेच जण नेमकं हेच न बघता झुरत बसतात.

अमेरिकेत बऱ्याच विभागांत प्रवेश समिती ठरवते. जीवशास्त्राच्या बाजूला तर पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये थोडे थोडे महिने काम करायचं आणि मग गाइड निवडायचा, अशी पद्धत आहे. तिथे एखाद्या प्राध्यापकानं उत्तर दिलं नाही तरी अर्ज करायला काहीही आडकाठी नसते. अर्जाच्या मुदती साधारण डिसेंबर ते जानेवारीची सुरुवात. आर्थिक मदतीसह प्रवेश मिळाला तर १५ एप्रिलपर्यंत विचार करायची मुभा देणारा ठराव तिथल्या बहुसंख्य नामवंत विद्यापीठांनी मान्य केलेला आहे.

जर्मनीत पारंपरिक मार्गानं जायचं तर प्राध्यापकाची लेखी संमती हातात असल्याशिवाय विभाग तुम्हाला पीएचडीचा उमेदवार म्हणून स्वीकारत नाही. तिथे या मौनाला वजन आहे. पण तिथेही अनेक जागा नोकरीसारख्या जाहिरात देऊन भरतात, त्यांचा हिशेब वेगळा.

आपल्याकडे यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पीएचडीचे विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. म्हणजे गाइडला तुम्ही कितीही आवडलात तरी त्याच्याकडे जागाच नसेल, असं होऊ शकतं. एखाद्याचा प्रबंध सादर व्हायची वाट बघत तो गप्प बसलेला असतो.

मृद्गंध | २१ नोव्हेंबर, दुपारी १:३०

देश सांगितला तर लगेच ओळख पटेल, म्हणून नको. पद्धत अशी आहे: आधी गाइडची संमती, मग अर्ज. शिष्यवृत्तीही त्यांच्याच ग्रँटमधून. दुसऱ्या ठिकाणी समिती ठरवते, पण अर्जात संभाव्य गाइडचं नाव लिहावं लागतं.

उंबरठा | २१ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

सरळ फोन करा. विभागाच्या पानावर नंबर असतो. मेलच्या ढिगात हरवण्यापेक्षा दोन मिनिटांत काय ते कळतं.

ध्रुवतारा | २१ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:००

उंबरठा, फोनला माझा विरोध आहे. अचानक आलेल्या फोनवर माणूस जे सुचेल ते बोलतो, आणि त्यांच्याकडे अजून निर्णयच नसेल तर सुटकेसाठी "नाही जमणार" म्हणून मोकळे होतील. फोन करायचाच तर विभागाच्या कार्यालयाला करावा, तोही "सर रजेवर आहेत का, सध्या विद्यार्थी घेतात का" एवढंच विचारायला.

आणि मृद्गंध, दुसरीकडे अर्ज करण्यात कसला आलाय विश्वासघात? अगं, त्यांनी तुला काही दिलेलं नाही आणि तू त्यांना शब्द दिलेला नाहीस. तेसुद्धा या महिन्यात आणखी चार उमेदवारांशी बोलले असतील, आणि त्यात त्यांचं काहीही चुकलेलं नाही. एकाच विभागातल्या दोघांना लिहिलं असेल तर मात्र दोघांनाही सांगावं. ते एकमेकांच्या शेजारी बसतात, कळतंच. वेगवेगळ्या विद्यापीठांत सांगायची गरज नसते. कोणी विचारलं तर खरं सांगायचं.

पाणपोई | २१ नोव्हेंबर, रात्री १०:२०

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आहे. गेली अकरा वर्षं पीएचडीला गाइड आहे. तुमची पोस्ट वाचून जरा अस्वस्थ झालो, म्हणून सविस्तर लिहितो.

असा कॉल संपल्यावर मला तीन गोष्टींची खात्री लागते. तीन-चार वर्षं पुरेल एवढा पैसा, एक रिकामी जागा आणि विभागाची संमती. यातली एकही माझ्या एकट्याच्या हातात नसते. ग्रँटचा निकाल सप्टेंबरात येणार म्हणतात आणि जानेवारी उजाडतो. ज्याच्या जागी नवा विद्यार्थी घ्यायचा त्याचा प्रबंध "पुढच्या महिन्यात" होणार असतो, आणि तो पुढचा महिना सहा महिने चालतो. मी "कळवतो" म्हणालो तेव्हा खरंच कळवणार होतो. पण कळवण्यासारखं काही घडतच नाही, आणि घडलं नाही एवढंच सांगायला मेल करायची हे त्या वेळी सुचत नाही.

मग तुमची आठवण येते. ती मी वाचतो, बहुतेक वेळा त्याच दिवशी. पण तिचं उत्तर म्हणजे निर्णय, आणि निर्णय तर झालेला नाही. म्हणून तिच्यावर तारा लावून ठेवतो. एका ओळीत उत्तर देता येईल अशा मेल त्याच दिवशी निघतात, ज्यांना विचार लागतो त्या मागे पडतात. तीन आठवडे झाले की वेगळंच सुरू होतं. इतक्या उशिरा एक ओळ कशी पाठवायची, नीट सविस्तर लिहू, असं वाटतं आणि सविस्तर लिहायला वेळ मिळत नाही. लाज जितकी वाढते तितका उशीर वाढतो.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीची मेल माझ्याकडे अशीच दोन महिने तारा लावून पडली होती. ग्रँट आली त्या दिवशी आनंदानं तिला लिहिलं. ती आधीच्याच आठवड्यात दुसरीकडे रुजू झाली होती. तिचं काही चुकलं नाही, चूक माझी होती. "अजून निकाल नाही, थांबू नकोस" एवढी एक ओळ मी लिहायला हवी होती. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी लिहितो, काही सांगण्यासारखं नसलं तरी.

तुम्हाला सुचवण्यासारख्या दोन गोष्टी. मेल अशी लिहा की तिचं उत्तर एका ओळीत देता येईल. एकच प्रश्न आणि त्यामागची एक खरी तारीख. तुमच्याकडे १५ डिसेंबर आहेच, ती सांगा. खोटी तारीख कधी सांगू नका, ओळखू येते.

दुसरं, पैशाचा अंदाज तुम्हालाही घेता येतो. सरकारी निधीतून चालणाऱ्या प्रकल्पांच्या याद्या बऱ्याच ठिकाणी सगळ्यांसाठी खुल्या असतात. अमेरिकेत एनएसएफ अवॉर्ड सर्च आणि एनआयएच रिपोर्टर, ब्रिटनमध्ये गेटवे टू रिसर्च, जर्मनीत गेप्रिस, युरोपीय संघासाठी कॉर्डिस. तिथे प्राध्यापकांचं नाव टाकून प्रकल्पाची सुरुवात आणि शेवट बघा. चालू प्रकल्प चार-पाच महिन्यांत संपत असेल आणि नवा दिसत नसेल, तर या शांततेमागचं कारण तुमच्या आराखड्यात शोधू नका.

रात्रपाळी | २१ नोव्हेंबर, रात्री ११:५५

पाणपोई, हे लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. वाचनखूण साठवली.

कोरा कागद | २२ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

मी सात महिने थांबलो होतो. गाइड "तुला नक्की घेतो" म्हणाले होते, अगदी याच शब्दांत. त्या विश्वासावर मी बाकीचे चारही अर्ज केले नाहीत. दर महिन्याला एक मेल करायचो, तिसऱ्या महिन्यानंतर उत्तरं थांबली. शेवटी कार्यालयाला विचारलं, तर सर एका वर्षाच्या अभ्यासरजेवर गेले होते आणि त्या वर्षी कोणालाच घेणार नव्हते. तोवर सगळीकडच्या मुदती उलटून गेल्या होत्या.

त्यांनी मुद्दाम फसवलं असं मी आजही म्हणत नाही. पण माझं वर्ष गेलं. त्या वर्षात मी धड वाचलं नाही, धड काम केलं नाही, फक्त वाट बघितली. वर्ष गेल्यापेक्षा याचं वाईट जास्त वाटतं. मृद्गंध, मेल करायची की नाही ते नंतर ठरवा. तो दुसरा अर्ज आज उघडा.

जुनी वही | २२ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

कोरा कागद यांना पूर्ण अनुमोदन. शिफारसपत्रं देणाऱ्यांना आजच्या आज कळवा. मुदतीला तीन आठवडे आहेत, त्यांनाही वेळ लागतो.

उंबरठा | २२ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

फोनचा मुद्दा सोडतो, ध्रुवतारा म्हणतात ते पटलं. पण लॅबमधल्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारायला काय हरकत आहे?

ध्रुवतारा | २२ नोव्हेंबर, दुपारी २:४०

लॅब कशी चालते, सर किती वेळ देतात, आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, हे जरूर विचारावं. खरं तर कॉलच्या आधीच विचारायला हवं. "माझ्या मेलचं काय झालं ते सरांना विचार ना" हे मात्र नको. त्या बिचाऱ्या विद्यार्थ्याचा स्वतःचा मसुदाही त्याच टेबलावर पडलेला असतो.

मृद्गंध | २३ नोव्हेंबर, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. कोरा कागद, तुमची पोस्ट वाचून तसाच अर्ज उघडला. शिफारसपत्रांसाठी तिघांनाही लिहिलं, दोघांचे होकार आलेसुद्धा.

सरांसाठी मसुदा केलाय. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत देते:

"आदरणीय सर, आपण अत्यंत व्यस्त असाल याची मला पूर्ण जाणीव आहे आणि पुन्हा त्रास देत असल्याबद्दल क्षमस्व. १४ ऑक्टोबरच्या आपल्या चर्चेतून मला खूप काही शिकायला मिळालं. त्यानंतर मी सुकवण्याच्या तापमानाबद्दल आणखी वाचन केलं असून आराखड्यात बदल केले आहेत, सोबत सुधारित प्रत जोडत आहे. आपल्या नव्या पेपरबद्दल अभिनंदन, त्याबाबत माझे तीन प्रश्न आहेत. तसेच दुसऱ्या एका ठिकाणची मुदत जवळ येत असल्याने, आपल्याला शक्य असेल तर आणि गैरसोय होणार नसेल तर, आपल्या निर्णयाबद्दल काही कल्पना मिळाल्यास बरं होईल. पुन्हा एकदा क्षमस्व."

पाणपोई | २३ नोव्हेंबर, रात्री १०:५०

मला ही मेल आली असती तर तिच्यावरही तारा लागला असता. जोडलेली प्रत वाचायची, तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची, निर्णय कळवायचा: एवढं सगळं एका मेलमध्ये आहे. खरा प्रश्न शेवटून दुसऱ्या वाक्यात, तोही "शक्य असेल तर"च्या आड. तारीख कुठेच नाही.

दोन्ही क्षमा काढा. तुम्ही काही चुकीचं करत नाही आहात. "व्यस्त असाल" हेही काढा, ते वाचून मला नेहमी उगाच अपराधी वाटतं. नव्या पेपरवरचे प्रश्न चांगलेच असतील, ते राखून ठेवा. तापमानाबद्दल मात्र एक वाक्य राहू द्या. त्यांनी दाखवलेली चूक तुम्ही दुरुस्त केलीत, हे कळलेलं आवडेल त्यांना.

ध्रुवतारा | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

नवी मेल सुरू करू नकोस. जुन्याच मेलला उत्तर म्हणून पाठव, म्हणजे आधीचं सगळं बोलणं खाली दिसतं. तू कोण हे त्यांना शोधावं लागू नये.

मृद्गंध | २४ नोव्हेंबर, रात्री ८:००

सुधारलेला:

"आदरणीय सर, १४ ऑक्टोबरला आपलं पीएचडीच्या जागेबद्दल बोलणं झालं होतं. आपण सांगितल्याप्रमाणे मी सुकवण्याचं तापमान कमी करून आराखडा पुन्हा लिहिला आहे, हवा असल्यास पाठवते. दुसऱ्या एका विद्यापीठाच्या अर्जाची मुदत १५ डिसेंबरला आहे. त्याआधी आपल्याकडच्या ग्रँटचा निर्णय अपेक्षित आहे का? अजून ठरलं नसेल तर तेवढं कळवलंत तरी मला पुढचं ठरवायला मदत होईल."

पाणपोई | २४ नोव्हेंबर, रात्री ८:२५

आता याला मी चहा गार व्हायच्या आत उत्तर दिलं असतं. पाठवा. त्यांच्याकडे सकाळ असेल अशा वेळी, आठवड्याच्या मधल्या दिवशी.

मृद्गंध | ३ डिसेंबर, रात्री ११:००

मेल पाठवून आठवडा झाला, उत्तर नाही. पण या वेळी आधीसारखी तडफड होत नाहीये, कारण हातात काम आहे.

पाणपोई, तुम्ही सांगितलेल्या याद्यांपैकी एकीत सरांचं नाव सापडलं. त्यांचा चालू प्रकल्प येत्या मार्चला संपतोय. दुसरा दिसत नाही. ते पान बघून मी बराच वेळ बसून राहिले. पाच आठवडे मी स्वतःच्या बोलण्यात चुका शोधत होते.

दुसऱ्या अर्जासाठी त्या प्राध्यापिकेचे पेपर वाचतेय. माझ्या प्रश्नाकडे ती पलीकडच्या बाजूनं बघते. कोरडी माती भिजल्यावर तिच्यातल्या सूक्ष्मजीवांचं श्वसन एकदम वाढतं, हे बर्च या शास्त्रज्ञानं १९५८ साली नीट मांडलं, म्हणून त्याला बर्च परिणामच म्हणतात. मी आजवर तो लोंढा किती मोठा एवढंच बघत होते. तिच्या एका आलेखात पुन्हा पुन्हा सुकवलेल्या आणि भिजवलेल्या मातीचं मोजमाप आहे, आणि दर खेपेला लोंढा लहान होत जातो. का होतो? खायला सोपं ते संपतं म्हणून, की सूक्ष्मजीवच बदलतात म्हणून? काल रात्री दोन वाजेपर्यंत याच प्रश्नावर बसले होते. मेल बघायची राहूनच गेली.

कोरा कागद | ४ डिसेंबर, सकाळी ७:५०

हे वाचून फार बरं वाटलं. खरंच.

मृद्गंध | १० डिसेंबर, सकाळी ६:४५

उत्तर आलं. सार असं: ग्रँटचा निकाल फेब्रुवारीत. त्याआधी काही सांगता येत नाही आणि आली तरी जागा एकच. "दुसरीकडे अर्ज नक्की कर, माझ्यासाठी थांबू नकोस. उत्तराला उशीर झाला, कारण देण्यासारखं उत्तर नव्हतं. सुधारित आराखडा पाठव, वाचायला आवडेल."

वाचून रडू आलं. होकार नाही तरीसुद्धा का आलं ते सांगता येत नाही. आराखडा लगेच पाठवू की फेब्रुवारीत?

पाणपोई | १० डिसेंबर, सकाळी ७:३०

लगेच पाठवा, त्यांनी स्वतःहून मागितलाय. सोबत एवढंच लिहा: "फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा विचारेन." म्हणजे तेव्हा लिहिताना तुम्हाला संकोच वाटणार नाही आणि त्यांच्याही मनात तारीख राहील. आणि तोवर दुसरीकडून प्रवेश मिळाला तर त्यांना त्याच दिवशी कळवा. माझ्या त्या मुलीनं कळवलं असतं तर मी निदान घाई तरी केली असती.

जुनी वही | १० डिसेंबर, सकाळी १०:००

दुसरीकडे उत्तरासाठी किती दिवस देतात तेही बघून ठेवा. तिकडचा प्रवेश आधी आला आणि इकडचा निकाल लांबला, तर मुदतवाढ मागता येते. पुष्कळ ठिकाणी देतात, पण मुदत संपायच्या आत मागावी लागते.

मृद्गंध | १४ डिसेंबर, रात्री १:२०

अर्ज गेला. तिसरं शिफारसपत्र आज संध्याकाळी आलं, तोवर जीव टांगणीला लागला होता.

अर्जातला आराखडा सरांना पाठवलेल्यापेक्षा बराच वेगळा झालाय, आणि मला तो जास्त आवडतो. पुन्हा पुन्हा भिजवल्यावर लोंढा लहान का होतो, तो प्रश्न आता त्याच्या मध्यभागी आहे. सध्याच्या प्रकल्पाच्या ताईंना विचारून मातीचे सहा नमुने सुकवायला ठेवलेत, कमी तापमानाला. सोमवारी पहिल्यांदा भिजवणार. आकडे आले की इथे सांगते.